पोस्टमनने गाळलेल्या ओळी

पोस्टमन म्हटलं की शाळेच्या निबंधात एकच माणूस यायचा, खाकी कपडे, लाल सायकल, खांद्याला पिशवी आणि ऊन-पाऊस न बघता सेवा वगैरे. आमच्या वाडीत हे चित्र कधी जुळलंच नाही. एक तर सायकलला सपाट रस्ता लागतो आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या आतल्या वाड्यांमध्ये सपाट काय ती फक्त भाताची खाचरं. पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, ती चढायची, साकव म्हणजे लाकडी पूल, तो ओलांडायचा, पावसात साकव वाहून गेला असेल तर वरच्या अंगाला जाऊन पऱ्या, म्हणजे ओढा, उतरायचा, आणि एवढं करून वर पोचलं की चार घरं, त्यातली दोन बंद, माणसं मुंबईला. दुसरं म्हणजे आमचा पोस्टमन खात्याच्या लेखी धड पोस्टमन नव्हताच. तेव्हा या लोकांना ईडी म्हणायचे, म्हणजे एक्स्ट्रा डिपार्टमेंटल, खात्याबाहेरचा माणूस (आत्ताची ईडी वेगळी, तिला बघून लोक दार लावून घेतात, याला बघून उघडायचे). हल्ली त्यांना ग्रामीण डाक सेवक म्हणतात.

ही पद्धत इंग्रजांच्या काळापासूनची. खेड्यात पूर्ण पगाराचा माणूस परवडत नाही, तर शाळामास्तर नाहीतर दुकानदार धरायचा आणि त्याच्याच ओटीवर पोस्ट थाटायचं. आजही देशात दीड लाखाच्या वर पोस्ट ऑफिसं आहेत, त्यातली दहातली नऊ खेड्यात, आणि त्यातली बहुतेक अशीच कुणाच्या तरी पडवीत, दिवसाला चार-पाच तासांसाठी चालणारी. नियमच असा की डाक सेवकाला पोटापाण्याचं दुसरं साधन असलं पाहिजे. म्हणजे सरकार आधीच सांगतंय की बाबा यात तुझं भागणार नाही. पेन्शनही खात्यातल्या माणसासारखी नाही. २०१८ च्या मे महिन्यात देशभरचे डाक सेवक संपावर गेले होते तेव्हा शहरात बऱ्याच जणांना पत्ताही नव्हता की असे काही लोक असतात.

तर आमचे भाऊ. सगळी वाडी त्यांना भाऊच म्हणायची. सकाळी स्वतःची गुरं सोडायची, मग पिशवी घेऊन निघायचं. टपालाचा बटवडा हे त्यांचं खात्याने सांगितलेलं काम होतं, पण खरं काम त्याच्या पुढे सुरू व्हायचं, कारण पत्र हातात देऊन उपयोग काय, वाचणार कोण? ज्या घरात पोरं शाळेत जाणारी होती तिथे एक वेळ ठीक, बाकी ठिकाणी भाऊ पडवीत टेकायचे, पाणी प्यायचे, इनलँड लेटर कडेकडेने नखाने उघडायचे आणि समोर म्हातारी बसलेली, दाराआड सून उभी, शेजारची एक-दोन माणसं सहज म्हणून आलेली, अशा सगळ्या सभेत वाचायचे. पत्र एकाच्या नावाचं, पण ऐकणारे आठ. आपण आज पत्राला फार खाजगी, नाजूक, दोन जिवांमधली वगैरे गोष्ट समजतो ना, तसं खेड्यात काही नव्हतं. तिथे पत्र म्हणजे जाहीर वाचन.

आणि हे वाचन मी लहानपणी फार बारकाईने बघितलंय. भाऊ आधी नुसते ओठ हलवत पूर्ण पत्र नजरेखालून घालायचे. म्हातारी घाई करायची, "काय लिवलान रं, सांग की". ते हात वर करायचे, थांब. मग चष्मा सारखा करून मोठ्याने सुरू, तीर्थरूप आईस सप्रेम नमस्कार, पत्रास कारण की. मजा अशी की डोळे पानाच्या खालच्या ओळीवर गेलेले असायचे आणि आवाज मात्र वरच्याच ओळीत रेंगाळायचा, "इकडील सर्व ठीक आहे, तब्येत बरी आहे, काळजी नसावी". माझी बहीण तेव्हा चौथीत होती, नुकतंच वाचायला आवडायला लागलेलं, ती एकदा मागून वाकून बघत होती आणि शेजारच्या काकीच्या पत्रात स्पष्ट लिहिलेलं की पंधरा दिवस ताप आहे, खाडे झाले, खानावळीचे पैसे थकलेत. ती बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात भाऊंनी न बघता तिच्या डोक्यावर हात ठेवला, जरा दाबूनच, आणि पुढे वाचत राहिले. नंतर पाखाडीवर काकीच्या दिराला गाठून खरं काय ते सांगितलं. आधी माणूस मुंबईला रवाना झाला, मग आठवड्याने काकीला कळलं, तोवर ताप उतरलेला.

शब्दांमध्ये ताकद असते, शब्द माणसं जोडतात हे सगळे म्हणतात. मला वाटतं ते अर्धंच आहे. शब्द जोडतात तसे तोडतातही आणि लिहिणाऱ्याला लिहिताना ते कळत नाही. लालबागच्या खोलीत दहा-पंधरा जणांच्या गर्दीत, रात्रपाळी करून आलेला माणूस रागाच्या भरात बायकोला लिहितो की जमत नसेल तर माहेरी जा. ते पत्र चार दिवसांनी वाडीत पोचतं तेव्हा त्याचा राग केव्हाच उतरलेला असतो पण कागदावरचा तसाच ताजा. ते जसंच्या तसं सासू आणि शेजारणींच्या समोर वाचायचं? भाऊ खोकायचे. खोकला आला की आम्ही पोरं समजून जायचो की ओळ गेली.

उत्तर लिहितानाही तेच. भाऊच लेखक. म्हातारी तोंडाने सांगायची, "त्याला लिव, मेलास काय तिकडं, तीन म्हयने झालं." भाऊ लिहायचे, "बरेच दिवसांत तुझे खुशालीचे पत्र नसल्याने जीव काळजीत आहे." मग वाचून दाखवायचे आणि वाचताना मात्र म्हातारीचेच शब्द, मेलास काय सकट. ती खूश. मुंबईत पत्र मिळणाराही खूश की आई किती मायेने लिहिते. आता यात खोटं कुणी बोललं? म्हातारीच्या मनात तेच होतं जे भाऊंनी लिहिलं, फक्त ती ते तसं कधी बोलली नसती.

पत्रात एक सांगायचं आणि दुसरंच पोचवायचं ही युक्ती तशी जुनीच आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर आपले सैनिक होते, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना लिहिता येत नसे, ते दुसऱ्याकडून पत्र लिहून घ्यायचे, वर ती पत्रं तपासायला सेन्सॉरचं खास ऑफिस बसवलेलं. तेव्हा १९१५ च्या सुमारास काही जणांनी घरी लिहिलं की काळी मिरी संपत आलीय, आता लाल मिरची वापरतायत. काळी म्हणजे हिंदी सैनिक आणि लाल म्हणजे गोरे. सेन्सॉरने ते ओळखलं म्हणूनच ते आपल्याला आज वाचायला मिळतं, त्या पत्रांचे इंग्रजी तर्जुमे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मला नेहमी वाटतं की हे पत्र ज्याने गावात वाचून दाखवलं असेल, त्याने मिरचीचं वाक्य वाचून मान वर केली असेल तेव्हा त्याला समजलं असेल का, आणि समजलं तर त्याने समोरच्या आईला काय सांगितलं असेल.

फौजेतली पत्रं आमच्याकडेही यायची. त्यांचा परतीचा पत्ता म्हणजे नाव, नंबर, युनिट आणि शेवटी ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (एपीओ म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस), बस. गाव नाही, राज्य नाही, माणूस बर्फात आहे की जंगलात काही कळायचं नाही. उलट आमचे पत्ते बघा. मुक्काम अमुक, पोस्ट तमुक, वरची वाडी, शाळेच्या मागे, फणसाच्या खालचं घर. १९७२ च्या १५ ऑगस्टला पिनकोड आला, आणला तो श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि वर संस्कृतमध्ये कविता, नाटकं लिहिणारा माणूस. एकाच नावाची ढीगभर गावं आणि ढीगभर लिप्या यातून वाट काढायला सहा आकडे, त्यातला पहिला आपल्याला चार. फार हुशारीचं काम, पण ते सहा आकडे पत्र गावच्या पोस्टापर्यंत आणतात, त्याच्या पुढे वाडीत एकाच नावाचे आणि एकाच आडनावाचे तीन बाप्ये असतील तर वेलणकर तरी काय करणार. तिथे भाऊ शिक्का बघायचे. परळचा असेल तर हा, डॉकयार्डचा असेल तर तो, आणि अक्षर उजवीकडे पडलेलं असेल तर तिसरा, कारण त्याचं पत्र कायम खोलीतला एकच जण लिहून द्यायचा.

मनिऑर्डरशिवाय हे पुरं होत नाही. आपल्याकडे मनिऑर्डर १८८० पासूनची आणि कोकण बरीच वर्षं तिच्यावरच जगलं. फॉर्मच्या खाली एक छोटी चिठ्ठी असायची, फाडून घेणाऱ्याला मिळायची, तिच्यावर दोन ओळींची जागा. एवढुशा जागेत लोक काय काय बसवायचे! रेशनचे वीस, बाळूच्या पुस्तकाचे दहा, उरलेले तुला. हे "उरलेले तुला" भाऊ कधी गाळायचे नाहीत, उलट दोनदा वाचायचे. मग नोटा मोजून हातात, शाईच्या डबीत अंगठा, साक्षीला कुणाची तरी सही. नोटा खर्च व्हायच्या, चिठ्ठ्या बायका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायच्या, त्यांना वाचता येत नसताना.

मग १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. पहिले एक-दोन महिने काही वाटलं नाही, नंतर मनिऑर्डरी कमी झाल्या आणि मग जवळजवळ थांबल्या. भाऊंच्या तोंडून मी त्यांच्या नोकरीबद्दल तक्रार अशी एकच ऐकलीय, ती याबद्दल. म्हणायचे, पाऊस परवडला, साप परवडला, पण बायका खळ्यात उभ्या असायच्या आणि आपण काही न देता समोरून जायचं हे नको व्हायचं. तर ते वरच्या वाटेने जायला लागले, लांबची वाट, नुसती चढण. काही दिवसांनी बायकांच्या लक्षात आलं की भाऊ वरून जातायत म्हणजे आज काही नाही, मग त्या वरच्या वाटेकडेच बघत बसायच्या. एका पत्रात तर त्यांना गाळायला ओळच मिळाली नाही, सगळं पत्रच तसलं होतं, "गावाकडे येतो, दुसरा इलाज नाही" एवढंच. ते त्यांनी न खोकता वाचलं.

कोपरा फाडलेल्या कार्डाबद्दल मी फार लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे, कुणी गेलं की कार्डाचा कोपरा फाडून पाठवायचे आणि असलं कार्ड घरात ठेवत नसत, वाचून बाहेरच फाडून टाकायचे. तिथे भाऊंना वाचावंच लागायचं नाही, लोक हातातलं कार्ड लांबूनच बघायचे.

आता यातलं बरंचसं गेलं. तार २०१३ च्या जुलैत बंद झाली, कागदी मनिऑर्डर २०१५ ला, २०२५ मध्ये रजिस्टर पोस्टसुद्धा स्पीड पोस्टात विलीन केलं. पोस्टकार्ड मात्र अजून पन्नास पैशाला मिळतं, म्हणजे कार्ड मिळतं, पन्नास पैसे मिळत नाहीत. भाऊंच्या जागी एक मुलगी आहे, स्कूटी आहे, कारण रस्ता झालाय. तिच्या पिशवीत पत्रांपेक्षा आधार कार्डं, बँकेच्या नोटिसा आणि एटीएम कार्डं जास्त, आणि २०१८ ला पोस्टाची पेमेंट्स बँक सुरू झाल्यापासून मशीनवर अंगठा घेऊन पेन्शन घरपोच देते. म्हाताऱ्यांचा तिच्यावर जीव आहे. अंगठा उमटत नाही म्हणून ती कुणाकुणाची बोटं पदराने पुसून पुन्हा पुन्हा ठेवते, हे मी बघितलंय. पण तिला वाचून दाखवण्यासारखं फारसं काही नसतं. मुंबईचं बोलणं आता थेट फोनवर येतं.

आणि थेट येतं हीच भानगड आहे. आमच्या वाडीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, मुंबईकर आणि गावकर मिळून. गणपतीआधी साधारण महिनाभर त्यात वर्गणीवरून जे काय चालतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. रात्री दीड वाजता माणूस टाइप करतो, सकाळी सहाला चुलत भाऊ वाचतो, सातला त्याची बायको उत्तर देते. मध्ये चार दिवसांचा प्रवास नाही, पिशवी नाही, पाणी पिऊन चष्मा पुसणारं कुणी नाही. मागच्या वर्षी एका व्हॉइस मेसेजवरून दोन घरांचं येणं-जाणं बंद झालं, तो मेसेज मी ऐकलाय, पत्र असतं तर भाऊंना तीन वेळा खोकावं लागलं असतं.

भाऊ आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. पोरीने घेऊन दिलेला फोन आहे, अक्षरं मोठी करून वाचतात, पहाटे चारला उठायची सवय आहे. गेल्या गणपतीत पोरांनी मान म्हणून त्यांना ग्रुपचं अ‍ॅडमिन केलं. तेव्हापासून सकाळी ग्रुप उघडला की रात्रीच्या गुड नाइटच्या फुलांच्या मधे मधे दिसतं, हा मेसेज अ‍ॅडमिनने डिलीट केला, हा मेसेज अ‍ॅडमिनने डिलीट केला. परवा एक जण तणतणत त्यांच्या पडवीत गेला, माझा मेसेज का उडवला म्हणून. भाऊंनी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, कुठला रे मेसेज, मला नीट दिसत नाही हल्ली.