अण्णांच्या पायाची जखम का भरत नव्हती

अण्णांच्या उजव्या अंगठ्याखाली नव्या चपलेने घासून झालेली जखम त्यांना स्वतःला जाणवलीच नाही. फरशीवर उमटलेला ओला डाग आईच्या नजरेस पडला, तोवर ती रुपयाएवढी झाली होती. अण्णांना मधुमेह होऊन 17 वर्षे झाली आहेत. डॉक्टरांनी 10 ग्रॅम दाब पडताच वाकणारा नायलॉनचा तंतू त्यांच्या तळव्याला ठिकठिकाणी टेकवून पाहिला, तेव्हा डोळे मिटून बसलेले अण्णा "अजून लावला नाही ना?" असे विचारत राहिले.

पुढचे अडीच महिने ड्रेसिंग मी करत होते. भेटायला येणारे म्हणत, "शुगर असली की प्रतिकारशक्ती कमी होते, म्हणून जखम भरत नाही," आणि जाताना एखादा काढा सुचवत. हे निम्मेच खरे आहे. रक्तातील साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशींची जंतू मारण्याची क्षमता घटते, हे खरे. पण न भरणाऱ्या जखमेत या पेशींची वाण नसते. त्या तिथे गर्दी करून असतात आणि हटत नाहीत.

साध्या जखमेत पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात आणि त्यांच्या पाठोपाठ मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी. मॅक्रोफेज आधी दाह, म्हणजे जंतूंशी लढताना येणारी सूज आणि लाली, वाढवतात. मग काही दिवसांत मेलेले न्यूट्रोफिल गिळून ते आपला स्वभावच पालटतात आणि नव्या रक्तवाहिन्या व कोलॅजन (त्वचेला बळकटी देणारे प्रथिन) घडवणारे संदेश सोडू लागतात. पाडकामाला आलेल्या माणसांनीच पुढे बांधकाम हाती घ्यावे, तसा हा पालट असतो, आणि मधुमेहात तोच अडून बसतो. दाह पेटता ठेवणारी टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन-1 बीटा ही द्रव्ये स्रवत राहतात, आणि प्रथिने तोडणारी विकरे नवे कोलॅजन तयार होताच विरघळवून टाकतात. न्यूट्रोफिल जंतूंना अडकवण्यासाठी स्वतःच्या डीएनएची जाळी बाहेर फेकतात, हे 2004 मध्ये उजेडात आले होते. मधुमेहींचे न्यूट्रोफिल अशी जाळी फेकायला अधिकच उतावीळ असतात, आणि या जाळ्यांमुळे उंदरांच्या जखमा भरायला उशीर होतो, हे 2015 मध्ये दिसून आले.

डोळ्यांत आणि मूत्रपिंडांतही याच जातीची गोष्ट घडते. पांढऱ्या पेशी दृष्टिपटलातील केशवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात. मूत्रपिंडात मॅक्रोफेज साचतात आणि हळूहळू व्रणऊती, म्हणजे वणासारखा कडक भाग, वाढते.

असा दाह शरीरातल्या चरबीतूनही येतो. अण्णा अंगाने किडकिडीत आहेत, त्यामुळे "चरबीतून दाह" हे त्यांना पटेना. लठ्ठपणात चरबीच्या ऊतीत मॅक्रोफेज शिरून दाहद्रव्ये सोडतात, हे 2003 मध्ये स्पष्ट झाले. पण चरबी वजनकाट्यावर दिसतेच असे नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे छापली होती: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) 22.3, पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. हे आकडे वाचून दाखवल्यावर अण्णांनी नकळत स्वतःच्या पोटावरून हात फिरवला.

मग दाहच औषधाने दाबून का टाकू नये, हा प्रश्न मलाही पडला होता. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 10,000 हून अधिक रुग्णांच्या चाचणीत इंटरल्युकिन-1 बीटा रोखणारे औषध तपासून पाहिले गेले. 2017 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार हृदयविकाराच्या घटना घटल्या, पण जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. जखमेसाठी तर दाह हवाच, फक्त तो वेळेवर ओसरायला हवा.

अण्णांच्या बाबतीत उपयोगी पडली ती साखरेवरची करडी नजर, अंगठ्यावर भार येऊ न देणारी पादत्राणे आणि दर आठवड्याला डॉक्टरांनी केलेली जखमेची खरवड. मृत थर आणि त्यातली जंतूंची बुळबुळीत साय निघाली की दाहाला खतपाणी मिळेनासे होते. पहिल्यांदा ताजे रक्त आलेले पाहून मी मान वळवली होती. सातव्या आठवड्यात गॉज उचलला, तेव्हा पिवळट तळाच्या जागी नव्याने भरत असलेल्या मांसाचे, डाळिंबाच्या दाण्यांसारखे लालबुंद कण दिसले, आणि मी आईला हाक मारली.

आता जखम बंद झाली आहे. रोज रात्री अण्णा तळव्याखाली आरसा धरतात. मात्र त्यांच्या हिरड्यांतून ब्रश करताना रक्त येते, आणि हिरड्यांचा जुनाट दाहही साखर वाढवतो; म्हणून येत्या सोमवारी दंतवैद्यांची वेळ घेतली आहे.