निम्मी पाइपलाइन समुद्रात

नेर ते यवतमाळ या पट्ट्यात पाइपलाइनचा सर्व्हे सुरू होता. संध्याकाळी ऑफिसमधून ड्राफ्ट्समनचा फोन आला. ''सर, निम्मी लाइन डहाणूच्या पलीकडे समुद्रात गेलीय.''

७८ अंश पूर्व रेखांश नेर आणि यवतमाळच्या मधून जातो. यूटीएम या मीटरमध्ये जागा सांगायच्या पद्धतीत पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजे झोन पाडतात; या रेषेच्या पश्चिमेला झोन ४३, पूर्वेला ४४. सर्व्हेच्या मुलांच्या मोबाइलमधल्या अ‍ॅपमध्ये झोन 'ऑटो'वर होता. रेषा ओलांडली की ईस्टिंग, म्हणजे प्रत्येक झोनमध्ये नव्यानं मोजलेलं पूर्वेकडचं अंतर, ८,१३,००० वरून थेट १,८७,००० वर येतं, आणि बिंदूंची यादी असलेल्या सीएसव्ही फाइलमध्ये झोनचा रकानाच नाही! सगळे आकडे ४३ चे समजून टाकले, की पूर्वेकडचे बिंदू अरबी समुद्रात पडणारच.

ड्राफ्ट्समन हुशार. त्याने तोवर समुद्रातली लाइन उचलून अलीकडच्या टोकाला जोडूनही टाकली होती. पण सीमेवर दोन झोनच्या जाळ्या एकमेकींशी दोन अंशांनी तिरक्या असतात, म्हणजे किलोमीटरमागे पस्तीसेक मीटर. जोडावर लाइनला कोपर फुटलं होतं. अक्षांश-रेखांश पुन्हा काढून सगळे बिंदू झोन ४४ मध्ये घेतले आणि तो विषय संपला.

खरा घोळ दुसऱ्या दिवशी कळला. नाला-क्रॉसिंगची जागा दाखवायला गेलो, तर अ‍ॅपमधला नाला कपाशीच्या वावरात. शेतकरी म्हणाला, ''नाला त तिकडं आहे न सायेब, तुमी इकडं काऊन पायता?''

नाले जुन्या टोपोशीटवरून, म्हणजे सरकारी छापील नकाशावरून उतरवले होते. ती शीट जुन्या भारतीय डेटमवर, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायच्या पायावर बेतलेली; त्यात पृथ्वीचा आकार एव्हरेस्ट लंबगोलाचा आणि आरंभबिंदू मध्य प्रदेशात सिरोंजजवळ कल्याणपूरला. तिचे आकडे कुणीतरी सरळ डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएसचा डेटम) म्हणून भरलेले. या भागात तेवढ्यानं दीडशेवर मीटरचा फरक पडतो. समुद्रातली चूक शेंबडं पोरही पकडेल, पण ही स्क्रीनवर अगदी शहाण्यासारखी दिसते. नाला वावरातून गेलेला कुणाला खटकणार?

शीटवरचा रस्त्याचा फाटा, देऊळ, विहीर तपासली. तिन्ही सारख्याच अंतरानं आग्नेयेला सरकलेली. एकच वस्तू हललेली असती तर शीट जुनी म्हणून सोडून दिलं असतं; सगळ्या एकाच दिशेला म्हटल्यावर डेटमवरच बोट ठेवलं.

अ‍ॅपच्या यादीत 'इंडियन' नावाचे डेटमच दोन-तीन. थायलंडसाठीचा निवडला तर शंभरेक मीटरची चूक शिल्लक राहते. शेवटी भारताच्या डेटमवरून डब्ल्यूजीएस ८४ वर न्यायला किती मीटर सरकवायचं ते सांगणारे २९५, ७३६, २५७ हे तिन्ही आकडे हातानं भरले. नाला पंधरा-वीस मीटरच्या आत आला. एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशाकडून याहून जास्त मागणं म्हणजे त्याच्यावर अन्याय. मग अंदाजपत्रकात जाणारं प्रत्येक क्रॉसिंग रोव्हर (अचूक जीपीएस यंत्र) घेऊन जागेवर मोजायचं ठरलं. त्यात आणखी एक आठवडा गेला आणि कंत्राटदार कुरकुरला, ते वेगळं.