डिकीवरचा एल

डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात जुनी गाडी आली की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘फुल पेंटचे किती घेणार?’ रंग खरवडायचा, लांबी म्हणजे पुट्टी भरायची, प्रायमर मारायचा, वर नवा रंग आणि पारदर्शक लॅकर. गाडी चकाचक होते, यात वाद नाही. पण कंपनीतून आलेला मूळ रंग एकदा खरवडला की गेला. तो परत आणणारा कारागीर अजून मी पाहिलेला नाही. म्हणून मी आधी गाडी धुतो, मग दराचं बोलतो. मिरजेच्या त्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीपासून तर ही सवय अगदी पक्की झाली.

वाड्याच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड होती आणि गाडी तिथंच उभी होती. गाडीचे मालक डॉक्टर होते, ते गेल्यापासून ती जागची हललेली नव्हती. शेडचा एक पत्रा उडालेला, वर चिंचेचं झाड. पानं, चिकट डाग, पाखरांची विष्ठा आणि धूळ असा सगळा थर तिच्या टपावर साठलेला. नंबर एमएचच्या आधीचा, जुना तीन अक्षरी. त्यांचा नातू पुण्याहून खास सुट्टी काढून आला होता. त्याला गाडी लाल मेटॅलिक करून हवी होती. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाल्या, तेव्हापासून या गाडीवरचं लोकांचं प्रेम एकदम उफाळून आलंय. माझ्याकडेही विचारणा वाढलीय, पण बहुतेकांना ती नवीकोरी दिसायला हवी असते.

आरसी बुकात रंग ‘डार्क ब्लू’ लिहिलेला होता. समोरची गाडी मात्र पांढुरकी करडी, पाटीवरचा खडू हातानं पुसावा तशी. रंग बदलायचा तर आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करून घ्यावी लागेल, एवढं मी नातवाला सांगितलं आणि पाण्याचा पाइप मागितला.

धुण्यातच बराच वेळ गेला. वाळलेली विष्ठा नखानं किंवा ब्रशनं काढायची नसते. ओलं फडकं त्यावर ठेवायचं आणि ती आपोआप सुटेपर्यंत थांबायचं. घासलं की तिच्यातली वाळू रंगात रेघा ओढते. चिंचेचा चिकटा क्लेनं काढला. क्ले म्हणजे मळलेल्या कणकेइतका मऊ गोळा. साबणाच्या पाण्यावर तो हलक्या हातानं फिरवला की रंगात रुतलेले कण उचलून घेतो. मग दारं उघडून रबराच्या आत पाहिलं. ऊन कधीच न लागलेल्या त्या बोटभर जागेत कंपनीचा निळा रंग जसाच्या तसा होता, जवळजवळ शाईसारखा गडद. नातवाला बोलावून दाखवला. तो काही बोलला नाही, पण दार उघडंच ठेवून उभा राहिला.

डिकीच्या एका कोपऱ्यात तळहाताएवढी जागा निवडून जुन्या मलमलीवर थोडं बारीक कंपाऊंड, म्हणजे घासून चकाकी आणायची पेस्ट, घेतलं आणि घासलं. फडकं निळं झालं. रंग फडक्यावर उतरला म्हणजे वर लॅकरचा थर नाही, रंगाचाच एकेरी थर आहे. आजच्या बहुतेक गाड्यांना रंगावर पारदर्शक लॅकर असतं, तिथं फडकं निळं होत नाही. एकेरी रंगाचं असं असतं की ऊन वरच्या पातळ थरातलं बाइंडर, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणारा भाग, खातं आणि रंगाची भुकटी तेवढी मागं राहते. ती भुकटी म्हणजेच तो पांढुरकेपणा. टप, बॉनेट, डिकी या आडव्या भागांवर तो जास्त, दारांवर कमी. खाली मात्र चांगला रंग शिल्लक असतो. प्रश्न एवढाच, की किती शिल्लक आहे.

त्यासाठी गेज लागतो. पत्र्यावर टेकवला की रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये सांगतो. कागदाचं पान साधारण 100 मायक्रॉनचं, आणि कंपनीचा सगळा रंग प्रायमर धरून बहुधा त्याच्याच आसपास. दारांवर 120 च्या पुढेमागे आकडे आले. बॉनेटवर 90. टपाच्या मधोमध 70, म्हणजे तिथं कोणीतरी पूर्वी भरपूर रबिंग केलेलं. डाव्या मागच्या मडगार्डवर गेज एकदम 600 च्या वर गेला : खाली लांबी होती, कधीतरी ठोकर बसलेली. आकडे मी मास्किंग टेपच्या तुकड्यांवर लिहून जागच्या जागी चिकटवले. नातू मोबाइलवर फोटो काढत होता. ‘म्हणजे टपाला हात लावायचाच नाही?’ ‘लावायचा, पण सँडपेपर नाही मारायचा,’ मी म्हटलं.

हा धंदा मशीनवरही चालतो आणि नव्या गाडीला मी मशीनच लावतो. जुन्या एकेरी रंगाला मात्र हातच बरा. मशीन कडेवर क्षणभर जास्त थांबलं की तिथं गरम होऊन रंग उडतो आणि प्रायमर दिसायला लागतो. पद्मिनीला मागे ते छोटे पंख आहेत, टपाभोवती पावसाच्या पाण्याची पन्हाळ आहे, बाजूला उठलेली रेघ आहे. सगळ्या कडाच कडा. कडेवर रंग आधीच पातळ बसलेला असतो. हातानं करताना बोटाखालचा बदल कळतो : भुकटी असते तोवर फडकं किंचित अडतं, रंग मोकळा झाला की सरकायला लागतं. हे कुठल्या मीटरवर दिसत नाही.

घासायच्या आधी मी सगळ्या गाडीला तेलकट ग्लेझ चोपडून रात्रभर तसंच सोडतो. सुकलेला रंग ते पितो आणि मग कंपाऊंडनं भुकटी होऊन उडत नाही. सकाळी पुसलं तर करड्यातून निळा डोकावायला लागला होता. पेपर मारायचा तो फक्त खोल ओरखड्यांवर, 2000 आणि 3000 नंबरचा बारीक, तोही ओला. जुन्या रंगात शिसं असू शकतं. त्याची कोरडी धूळ छातीत जाऊ द्यायची नाही, हे मी पोरांना पहिल्या दिवसापासून सांगतो.

डिकी शेवटी घेतली. मधल्या भागावर फडकं फिरवता फिरवता मला एका जागी रंग जास्त गडद लागला. आधी वाटलं टचअप असेल. बाजूनं टॉर्च धरला तर वीतभर उंचीची एक उभी पट्टी आणि तिच्या खालून उजवीकडे गेलेली आडवी पट्टी, कडा सरळ, हातानं काढलेल्या. एल. गेज लावला तर पट्टीवर आकडा आजूबाजूपेक्षा थोडा जास्त. म्हणजे इथं कधीकाळी अक्षर रंगवलेलं होतं. ते झडून गेलं, पण असेपर्यंत त्यानं खालच्या निळ्याला उन्हापासून वाचवलं होतं.

नातवाला विचारलं, ही ड्रायव्हिंग स्कूलची गाडी होती का? तो म्हणाला, छे, आजोबांशिवाय कुणी चालवतच नव्हतं. तेवढ्यात आजी मागच्या दारात चहा घेऊन आल्या होत्या. त्या पायऱ्या उतरून डिकीपाशी आल्या, चष्मा वर सारला आणि म्हणाल्या, ‘हा माझा एल.’

मग कळलं. आजी याच गाडीवर गाडी शिकल्या होत्या. कॉलनीच्या मैदानात डॉक्टर शेजारी बसायचे आणि स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांड्यावर त्यांच्या हातावर हात ठेवून गिअर टाकायला शिकवायचे. बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरनं एल थेट डिकीवरच काढला, तोही पांढऱ्या ऑइलपेंटनं. खरं तर नियमानं तो पांढऱ्यावर लाल हवा. लायसन मिळालं तरी डॉक्टरांनी तो पुसू दिला नाही. ‘म्हणायचे, असू दे, लोक लांबून जातात. मी सांगलीपर्यंत एकटी जायची रे, भाजी आणायला नाही, कॉलेजात शिकवायला.’ नातू त्यांच्याकडे बघतच राहिला. आजीनं गाडी चालवलेली घरात कुणी त्याला सांगितलेलंच नव्हतं.

आता कामाचा पेच. डिकी एकसारखी दिसायला हवी असेल तर पट्टीची जागा पेपरनं खाली आणावी लागली असती, निदान आजूबाजूच्या रंगाबरोबर. ते जमलं असतं, तेवढा रंग होता. मी आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘तू काय करशील?’ मी म्हटलं, ‘मी हात लावणार नाही, आजी.’ ‘मग झालं तर.’ नातवानं लाल रंगाचा विषय पुन्हा काढला नाही.

बंपरचा क्रोम गंजाच्या ठिपक्यांनी भरला होता. त्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असते, म्हणून क्रोमवर रेघा येत नाहीत आणि वरवरचा गंज निघून येतो. जिथं क्रोमच उखडला होता तिथं नुसतं स्वच्छ करून वॅक्स लावलं. पुन्हा मुलामा करायचा तर बंपर उतरवून पाठवावा लागतो. ते नंतर बघू, असं ठरलं.

उजव्या दाराखालचा पट्टा मात्र वाचवता आला नाही. दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं मातीनं बुजली होती. पाणी वर्षानुवर्षं आत साचून दाराच्या तळाशी ठिबकत राहिलं आणि खालचा पत्रा खाऊन गेलं. तो कापून नवा तुकडा वेल्ड केला, प्रायमर मारला. रंग जुळवताना दाराच्या आतल्या शाईसारख्या निळ्याशी जुळवला नाही, बाहेरच्या पॉलिश झालेल्या निळ्याशी जुळवला, म्हणजे कंपनीच्या रंगाहून एक छटा फिका. नाहीतर तो पट्टा दुरूनही वेगळा उठून दिसला असता. भोकं चारही दारांची मोकळी केली. हे काम कुणीही घरी सायकलच्या स्पोकनं करू शकतं, आणि नव्वद टक्के लोक करत नाहीत.

पैशांचं सांगायचं तर फुल पेंटपेक्षा हे फार स्वस्त पडलं नाही. सामान कमी लागतं, पण हाताचा वेळ खूप जातो. नातवाला मी हे आधीच सांगितलं होतं. निघताना त्याला वॅक्सचा डबा दिला आणि दोन गोष्टी बजावल्या : झाकायला प्लास्टिक वापरायचं नाही, खाली दमट हवा कोंडून रंगाला फोड येतात, सुती कव्हर घ्यायचं, आणि शेडचा पत्रा पावसाळ्याआधी बसवायचा. पत्र्याचं काम आजींनी त्याच आठवड्यात करून घेतलं. बॅटरी आणि ब्रेकचं काम आता दुसऱ्या मिस्त्रीकडे चाललंय, आणि गाडी चालू झाली की पहिली फेरी कोण मारणार यावर घरात वाद सुरू झालाय.