रामझेचा वाडा आणि आमची शहापूरची पेटी

आई बेळगावच्या शहापूरहून पहिल्यांदाच कॅनडात, मॉन्ट्रियलला आली आणि मी तिला सगळ्यात आधी शातो रामझेला नेलं. जुनं घर, आता संग्रहालय. जुन्या शहरात, सिटी हॉलच्या समोरच आहे. दगडी भिंती, उतरतं छप्पर, खाली तळघर. दारातच आई म्हणाली, "अगं, हा तर वाडाच की!"

क्लोद द रामझे हा फ्रेंच अमदानीतला मॉन्ट्रियलचा गव्हर्नर. 1705 साली त्याने हे घर बांधलं. त्याला सोळा मुलं होती, हे सांगितल्यावर आई तळघरातल्या दगडी कमानींखालून हलेचना. "एवढ्यांचं रांधायचं, त्यात बाहेर बर्फ. सरपण किती लागत असेल गं?" वरच्या मजल्यावर महोगनीचं कोरीव दालन आहे, तिथे तिने नुसती नजर फिरवली.

पुढे हे घर फ्रेंच व्यापारी कंपनीकडे गेलं, मग इंग्रज गव्हर्नरांकडे. 1775-76 मध्ये काही महिने इंग्रजांविरुद्ध उठलेल्या अमेरिकी बंडखोरांचं ठाणं इथे होतं. इथल्या फ्रेंच लोकांना आपल्या बाजूला वळवायला खुद्द बेंजामिन फ्रँकलिन आला. त्याला यश आलं नाही, पण त्या खटपटीत फ्लरी मेस्प्ले नावाचा फ्रेंच मुद्रक या शहरात आला आणि इथलाच झाला. 1778 मध्ये त्याने फ्रेंच वर्तमानपत्र काढलं. त्यापायी तुरुंगात गेला. सुटल्यावर 1785 मध्ये पुन्हा काढलं, ते दोन भाषांत. 1822 पासून ते निव्वळ इंग्रजी झालं आणि आजही 'गॅझेट' इंग्रजीतच निघतं.

आधी फ्रेंच, मग दोन्ही, मग एकच. हे वाचताना माझ्या पोटात कालवलं. घरातलं मराठी, शाळेतलं इंग्रजी आणि कचेरीतलं कन्नड घेऊन वाढलेल्या बेळगावकराला ते वेगळं समजावून सांगायला लागत नाही. आमचं शहापूर सांगली संस्थानात, शेजारचं बेळगाव इंग्रजांकडे. मग दोन्ही मुंबई राज्यात, आणि 1956 साली म्हैसूर राज्यात. उंबरा तोच, राज्यं बदलत गेली. हे सगळं, कुणाचंही काही न गाळता, एका छपराखाली सांगणारं घर आपल्या गावात हवं, असं मला मनापासून वाटतं. रामझेचं घरसुद्धा सरकारने आपणहून नाही वाचवलं. नाणी आणि जुन्या वस्तू जमवणाऱ्या हौशी मंडळींनी 1895 मध्ये तिथे संग्रहालय उघडलं.

मागच्या बागेत भाजीचे आणि औषधी झाडांचे वाफे आहेत. आई तिथे बाकावर टेकली आणि बराच वेळ गप्प राहिली. आमचा वाडा पुढच्या महिन्यात पाडायचाय. माळ्यावर आजोबांची लोखंडी पेटी आहे, मोडी कागदांनी भरलेली. घरात कुणालाच मोडी वाचता येत नाही, म्हणून ती रद्दीत जायची होती.

आईने माझा फोन मागून काकांना लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते.

"भाऊजी, झोपला नव्हता न्हवं? ती माळ्यावरची पेटी कुणाला देऊ नकासा. मी आल्यावर बघू."