काट्याचा बाहेरचा पडदा

डिसेंबर २०२४ मधील ही गोष्ट आहे. राळेगाव तालुक्यातील एका जिनिंगमधून, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यातून, दिवाणजींचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि मी माझ्या संगणक दुरुस्तीच्या दुकानाचे शटरही वर केलेले नव्हते.

"भाऊ, बाहेरचा टीव्ही काळा पडला. आत सगळं बराबर हाये, पण गाडी काट्यावर कोणी चढवूनच नाही राह्यलं."

हा बाहेरचा टीव्ही म्हणजे वास्तविक साडेअठरा इंची मॉनिटर आहे. काटाघराच्या खिडकीत, काचेच्या आतून, तोंड बाहेर करून तो बसवलेला आहे. गाडीचा क्रमांक, भरलेले वजन, रिकामे वजन आणि सर्वांत खालच्या ओळीत निव्वळ वजन एवढेच त्याच्यावर मोठ्या अक्षरांत दिसते. दोन वर्षांपूर्वी काटा मारल्याच्या संशयावरून त्या आवारात मोठा वाद झाला होता आणि तो मिटवताना मालकांनी हा पडदा कबूल केला होता. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे काट्यावर दहा किलोंचा फरक पडला तर शेतकऱ्याचे साडेसातशे रुपये जाणार. त्यामुळे पडदा बंद तर काटाही बंद, असा त्या आवाराचा अलिखित नियमच होऊन बसला होता.

मी पोहोचलो तेव्हा ट्रॅक्टर, छोटा हत्ती आणि दोन-तीन बैलबंड्या अशी रांग फाट्यापर्यंत गेलेली होती. आत काट्यावर बसणारी मुलगी त्याच गावची. एमएस-सीआयटी करून दुसऱ्या हंगामाला तेथे काम करीत होती. तिने पहिल्याच वाक्यात अर्धे निदान हातात दिले.

"सर, आज अक्षरं पण जाड दिसतात. मला वाटलं, तुम्हीच घरून काही केलं."

मी आतल्या पडद्याकडे नीट पाहिले. पावतीवरची शून्ये गोल राहिलेली नव्हती, आडवी पसरून अंड्यासारखी झाली होती. रुंद पडद्यावर १०२४ गुणिले ७६८ चे चित्र ताणून बसवले की असेच होते. म्हणजे आतले 'सगळं बराबर' नव्हते. फक्त वजन दिसत होते म्हणून कोणी तक्रार केली नव्हती. बाहेरच्या मॉनिटरला तोवर तिघांनी थापा मारून झाल्या होत्या. त्याची केबल काढताच 'नो सिग्नल' अशी पाटी आली, तेव्हा मॉनिटर जिवंत होता. दोन्ही पडदे एकाच ग्राफिक्स कार्डावर, आतला एचडीएमआयने आणि बाहेरचा पंधरा मीटर लांब व्हीजीए केबलने जोडलेले असल्याने माझे लक्ष कार्डाच्या ड्रायव्हरकडे, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामकडे वळले.

त्या संगणकावर विंडोजऐवजी झुबुंटू ही लिनक्स प्रणाली आहे आणि कार्ड एनव्हिडिया कंपनीचे, केप्लर या जुन्या पिढीतले जीटी ७१०. टर्मिनल उघडून एक्सरँडर ही जोडलेले पडदे दाखवणारी आज्ञा चालवली, तर तिने 'डिफॉल्ट' नावाचे एकच आउटपुट दाखवले. एचडीएमआय नाही, व्हीजीए नाही, नुसते 'डिफॉल्ट'. याचा अर्थ लिनक्सकडे त्या कार्डाचा ड्रायव्हर अजिबात नव्हता आणि संगणक सुरू होताना फर्मवेअरने, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामने, जे चित्र उभे करून दिले त्याच्यावरच तो दिवस ढकलत होता. अशा चित्राला दुसरा पडदा ठाऊक नसतो. जोडलेल्या कार्डांची यादी देणाऱ्या एलएसपीसीआयने कार्ड दाखवले, परंतु कोणता ड्रायव्हर वापरात आहे ही ओळच त्याच्याखाली नव्हती. मॉडप्रोब या आज्ञेने एनव्हिडियाचे मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग, उचलायला सांगितले, तर चालू कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) फोल्डरमध्ये ते सापडत नाही असे उत्तर आले.

येथे मला माझेच जुने काम आठवले आणि कानशिले तापली. दोन वर्षांपूर्वी दुसरा पडदा बसवला तेव्हा कर्नलसोबत येणाऱ्या नूवो या दुसऱ्या ड्रायव्हरवर चित्र अधूनमधून लुकलुकत होते. संध्याकाळ झाली होती, मालक उभे होते, म्हणून मी एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरून ४७० मालिकेतील ड्रायव्हरची फाइल उतरवून हाताने चालवली. मॉड्यूलची नोंद डीकेएमएस या व्यवस्थेत करायची का, असे त्या फाइलने चालताना विचारले होते. तसे केले असते तर नवा कर्नल आला की त्याच्यासाठी मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधले गेले असते. मी घाईत 'नाही' म्हटले. त्याच फाइलने नूवोला काळ्या यादीत टाकणारी, म्हणजे चालू होऊ न देणारी, एक छोटी फाइलही ठेवून दिली होती. म्हणजे नवा कर्नल येईल त्या दिवशी एक ड्रायव्हर असणार नाही आणि दुसऱ्याला दार बंद असेल, अशी व्यवस्था मीच करून ठेवली होती. मधल्या काळात कर्नल बदलला तेव्हा कोणत्या तरी भेटीत मी ती फाइल पुन्हा चालवून वेळ भागवली होती आणि मूळ चूक तशीच ठेवली होती.

मग आजच का? मागील रीबूटांची यादी काढली, तर संगणक त्रेचाळीस दिवस अखंड चालू होता आणि आदल्या रात्री बंद पडला होता. चौकीदाराला विचारले. रात्री लाइन गेली, यूपीएस बराच वेळ ओरडला आणि मग गप्प झाला, असे त्याने सांगितले. सुरक्षा अद्यतनांबरोबर नवा कर्नल पूर्वीच आपोआप येऊन बसला होता, मात्र संगणक पुन्हा सुरू झाल्याखेरीज तो चालू होत नाही. त्याला जे निमित्त हवे होते ते वीज मंडळाच्या लाइनीने दिले.

तातडीचा उपाय सोपा होता. संगणक सुरू करताना येणाऱ्या ग्रब या मेनूच्या यादीतून जुना कर्नल निवडला. त्याच्यासाठीचे मॉड्यूल डिस्कवर होतेच. आतली शून्ये गोल झाली, बाहेरचा पडदा उजळला, रांगेतून कोणीतरी शिट्टीही मारली. मी घाम पुसला, तोच काचेच्या पलीकडून एका वयस्कर शेतकऱ्याने बोटाने खूण केली.

"भाऊ, खालची लाइन कुठी गेली?"

निव्वळ वजनाची ओळ पडद्यावर नव्हती. बाहेरच्या पडद्याला रिझोल्यूशन कमी मिळाले होते, वजनाच्या प्रोग्रामची खिडकी त्यात मावत नव्हती आणि कापला गेला तो नेमका सर्वांत खालचा आकडा. इतके दिवस तो मॉनिटर १३६६ गुणिले ७६८ वर व्यवस्थित चालत होता. मी सेटिंगमध्ये शोधले, पण तो पर्यायच यादीत नव्हता. "पाहिजे तेच नाही दिसून राह्यलं," असे काका मागे वळून सर्वांना सांगत होते आणि काट्यावर चढवलेला पहिला ट्रॅक्टर हळूहळू मागे सरकू लागला. त्या माणसांचा संशय मला चुकीचा म्हणता येणार नाही. त्यांच्या जागी मीही असतो तर तेच म्हटले असते.

मॉनिटर स्वतःची माहिती संगणकाला स्वतः सांगतो. बनावट कोणाची, कोणकोणती रिझोल्यूशने चालतात, वेग किती, हे सर्व १२८ बाइटांच्या एका नोंदीत असते आणि तिला ईडीआयडी म्हणतात. व्हीजीएच्या पंधरा पिनांपैकी १२ आणि १५ या दोन पिनांच्या तारांवरून ती वाचली जाते. लाल, हिरवा आणि निळा या रंगांच्या तारा वेगळ्या असतात. म्हणून चित्र येते पण नोंद येत नाही, अशी स्थिती संभवते आणि मग ड्रायव्हर सावधपणे कमी रिझोल्यूशनवर थांबतो. मला तोच संशय आला.

या टप्प्यावर जुन्या कर्नलवर वेळ मारून नेता आली असती. मी मात्र जुना ड्रायव्हर काढून टाकायचे ठरवले. केप्लर पिढीला ४७० मालिकेपुढचा ड्रायव्हर मिळत नाही. कर्नल पुढे जात राहणार आणि हा मागे पडत जाणार, मग डीकेएमएसमध्ये नोंद केली तरी एखाद्या हंगामात मॉड्यूल बांधलेच जाणार नाही. नूवो २०१० सालापासून मुख्य कर्नलमध्येच आहे, कर्नलबरोबर तो आपोआप येतो. काट्यावर कोणी गेम खेळत नाही. दोन पडद्यांवर चार आकडे दाखवायचे आहेत. दिवाणजींना अर्धा तास मागितला. "अर्धा तास म्हणजे अर्धाच," ते म्हणाले आणि रांगेतल्यांसाठी चहा सांगायला निघून गेले.

ग्राफिक्स बंद करून नुसत्या अक्षरांच्या कन्सोलवर गेलो, त्या ड्रायव्हरसोबतच आलेल्या अनइन्स्टॉलरने त्याला काढले, काळ्या यादीची फाइल शिल्लक नाही याची खात्री केली, इनिटरॅमएफएस (सुरू होताना कर्नलला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) नव्याने बांधले आणि नव्या कर्नलवर संगणक सुरू केला. या वेळी एक्सरँडरने दोन्ही आउटपुट नावानिशी दाखवली. कर्नल प्रत्येक जोडणीची माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो, त्यात व्हीजीएपुढे 'कनेक्टेड' होते, पण ईडीआयडीच्या फाइलीचा आकार शून्य होता. बॅगेतील दीड मीटरची केबल काढून मॉनिटर आत आणून जोडला, तर तीच फाइल १२८ बाइटांची झाली आणि १३६६ गुणिले ७६८ यादीत आले. कार्डही निर्दोष, मॉनिटरही निर्दोष. लांब केबल खिडकीखालच्या पट्टीतून ओढून काढली, तेव्हा वीतभर अंतरात तिचे काळे आवरण कुरतडलेले दिसले. रंगांच्या जाड तारा शाबूत होत्या, बाजूच्या बारीक तारांपैकी तीन तुटलेल्या. शेजारच्या खोलीत सरकीची थप्पी असल्यावर उंदरांना वेगळे आमंत्रण लागत नाही. हे कुरतडणे कधीचे होते कोणास ठाऊक. संगणकाने ती नोंद त्रेचाळीस दिवसांपूर्वी, सुरू होताना वाचून ठेवली होती, त्यामुळे तार तुटल्याचे त्याला कळलेच नाही.

पंधरा मीटरची केबल राळेगावात मिळाली नाही. म्हणून जुनीच परत ओढली, कुरतडलेल्या भागाला टेप गुंडाळली आणि मॉनिटर जे सांगू शकत नव्हता ते मीच सांगायचे ठरवले. सीव्हीटी या प्रोग्रामला १३६६ आणि ७६८ हे आकडे दिले की तो त्या पडद्यासाठी लागणाऱ्या वेळांची ओळ तयार करून देतो. तो रुंदी आठाच्या पटीत घेतो आणि १३६६ ला आठाने भाग जात नाही, म्हणून त्याने १३६८ ची, ८५.२५ मेगाहर्ट्झची ओळ दिली. दोन ठिपक्यांचा फरक अशा ॲनालॉग जोडणीत मॉनिटर सांभाळून घेतो. ती ओळ एक्सरँडरला नवा मोड म्हणून दिली, व्हीजीएला जोडली आणि लागू केली. पडदा क्षणभर काळा झाला, मग निव्वळ वजनाची ओळ आली, किंचित उजवीकडे सरकलेली. मॉनिटरचे 'ऑटो' बटण दाबताच ती जागेवर बसली. लॉगिननंतर आपोआप चालेल अशा छोट्या स्क्रिप्टमध्ये या तीन आज्ञा लिहून ठेवल्या.

तरीही कोणी गाडी चढवेना. ते मघाचेच काका पुढे आले.

"पहिले तुमची गाडी चढवा."

मी माझी मोटारसायकल काट्यावर नेली आणि तिच्यावर बसून राहिलो. भरलेले वजन १९०. मी खाली उतरलो. रिकामे वजन ११०. खालच्या ओळीत निव्वळ ८० आले. काकांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले.

"ऐंशी. असतीन."

रांगेत हशा पिकला आणि पहिला ट्रॅक्टर पुढे आला.

नूवोवर पूर्वीसारखे चित्र लुकलुकते का, हे पाहण्यासाठी मी शेवटची गाडी रिकामी होईपर्यंत तेथेच थांबलो. तसे काही झाले नाही. दोन दिवसांनी यवतमाळहून केबल मिळाली, ती लोखंडी नळीतून टाकली, स्क्रिप्ट काढून टाकली आणि संगणक पुन्हा सुरू केला. ईडीआयडीच्या फाइलीचा आकार १२८ दिसला. केबल आणि नळीचे पैसे घेतले. पहिल्या दिवसाची मजुरी मी बिलात लावली नाही. दिवाणजींनी कारण विचारले, तेव्हा त्यांना ते 'नाही'चे बटण सांगितले.