काकांचे ४६८, काकूंचे २४१

काका-काकू बडोद्याच्या दांडिया बाजारातले. मधुमेह दोघांनाही, काकूंचा जास्त जुना. रावपुऱ्यातल्या आमच्या दवाखान्यात नजर तपासणं आणि ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचं (रेटिनाचं) थर दाखवणारं स्कॅन, काढणं ही माझी कामं. त्या दिवशी काकांनी तक्ता ६/९ पर्यंत खडाखडा वाचला. काकू ६/३६ वरच अडखळल्या. (खालचा आकडा जितका मोठा, तितकी नजर कमी.)

ओसीटीत मात्र उलटंच. पडद्याच्या मधल्या भागाची जाडी आमच्या मशीनवर निरोगी डोळ्यात साधारण २५०-२७० मायक्रॉन येते. काकांची ४६८, काकूंची २४१.

काकांनी आकडे टिपले. "अगं, नावांची अदलाबदल तर नाही ना झाली?"

नव्हती झाली. काकांच्या पडद्यात पाण्याच्या काळ्या पोकळ्या होत्या, पण त्यांच्याखालची प्रकाशपेशींची रेघ अखंड होती. काकूंना सूज नव्हती. रेघ मधोमध तुटलेली, वरचे थर एकमेकांत मिसळलेले. डोळ्याच्या अँजिओग्राफीत दिसलं, की मध्यबिंदूभोवतीच्या केशवाहिन्याच बंद पडल्यात. रक्ताअभावी पेशी मेल्या, म्हणून पडदा पातळ.

लोक हा आकडा परीक्षेतल्या गुणांसारखा विचारतात. खरं तर २००७ साली अमेरिकेत मधुमेही सूज असलेल्या २५१ डोळ्यांच्या अभ्यासात जाडी आणि नजर यांचा सहसंबंध ०.५२ निघाला होता (पूर्ण मेळ असता तर १). म्हणजे नजरेतल्या फरकाचा जेमतेम पाव हिस्सा जाडीने कळतो.

डॉक्टर मॅडमनी काकांना डोळ्यात घ्यायचं इंजेक्शन सांगितलं. काका उखडले. "मला दिसतंय, मला कशाला? हिला द्या!"

"काका, इंजेक्शनने वाहिन्यांतून होणारा पाझर थांबतो. काकूंच्या पडद्यात पाणीच नाही. बंद झालेल्या वाहिन्या त्याने उघडत नाहीत."

हे सांगताना मॅडमचा आवाज उतरला. काकूच म्हणाल्या, "अहो, घ्या निमूट. पोथी यापुढे तुम्हीच मला वाचून दाखवणार आहात."

काकूंना भिंग आणि वाचायला जवळचा दिवा सुचवला. साखर, रक्तदाब आणि किडनीच्या तपासण्या लिहून दिल्या. उरलेली नजर जपायची तर तेच हातात होतं.

तीन इंजेक्शनांनंतर काकांची जाडी ३१२ वर आली. तक्त्यावर मात्र तेच ६/९.

"दीडशे मायक्रॉन उतरले आणि ओळ एकही वाढली नाही? पैसे कशाचे घेतले मग?"

"ओळ गेली नाही, त्याचे," काकू म्हणाल्या.