शाळेचा फोन आणि माझ्या मुलाच्या दोन आया

सात पस्तीसची बस आठ वाजून गेले तरी आली नव्हती. तापमान उणे आठ, रात्री वीतभर बर्फ पडलेलं, आणि थांब्यावर मी आणि दुसरीतला माझा मुलगा, दोघंच. एरवी तिथे सात-आठ पोरं असतात. समोरच्या घराच्या खिडकीतून एक गुजराती बा हात हलवत होत्या, म्हणून मीही हात हलवला. त्या आणखी जोरात हलवायला लागल्या. शेवटी त्यांचा मुलगा फावडं घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, ‘‘आज दोन तास डिले आहे. पहाटे फोन आला की सगळ्यांना. तुम्हाला नाही आला?’’

नाही आला. तो जानेवारी होता, आम्ही ऑगस्टपासून इथे, अमेरिकेत न्यू जर्सीत होतो, आणि तोवर शाळेचा एकही फोन आम्हाला आलेला नव्हता. आम्हाला वाटत होतं, शाळा शांत आहे.

न्यू जर्सीत नव्याने येणाऱ्यांनी एक ध्यानात घ्या. आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्यांनी पावसाची सुट्टी जाहीर केली की अख्खा जिल्हा घरी बसतो. इथे या एवढ्याशा राज्यात जवळपास ६०० स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे शाळांचे स्वतंत्र विभाग आहेत, आणि प्रत्येकाचा सुपरिंटेंडंट, म्हणजे प्रमुख, आपापल्या गावापुरता निर्णय घेतो. त्यामुळे शेजारच्या गावातल्या मैत्रिणीने ‘सुट्टी!’ असा मेसेज टाकला तर तिच्या आनंदात सामील व्हा, पण मुलाला उठवा. वर्षाला १८० दिवस शाळा भरवावीच लागते, बुडालेला दिवस नंतर भरून काढावा लागतो. चार तास शिकवणं झालं तरी पूर्ण दिवस धरतात. म्हणून सरळ सुट्टीपेक्षा उशिरा सुरू करायचं किंवा लवकर सोडायचं, यावर जास्त भर. आणि हे सगळं कळणार त्या पहाटेच्या फोनवरूनच.

प्रवेशाचं सांगण्यासारखं काही नाही. भाड्याचा करार, विजेचं बिल, जन्मदाखला, लसींचा कागद, झालं. घरी कोणती भाषा बोलता, या रकान्यात बिनधास्त मराठी लिहा. मुलाची इंग्रजीची छोटी चाचणी घेतात, एवढंच.

तर फोन. त्याच दिवशी शाळेच्या ऑफिसात फोन केला. बाई गोड होत्या. म्हणाल्या, मेसेज तर गेलाय. कुठे गेलाय? तुमच्या नंबरवर. कोणत्या नंबरवर? ते फोनवर सांगता येत नाही, विद्यार्थ्याच्या नोंदी गोपनीय असतात, १९७४ चा कायदा आहे. माझाच नंबर मला सांगता येत नव्हता.

शाळेचं ॲप उघडून पाहिलं. ‘आई’च्या पुढे आमच्या दादांचा लँडलाइन नंबर! दादा म्हणजे नवऱ्याचे मावसभाऊ. आलो तेव्हा तीन आठवडे त्यांच्याकडे होतो. प्रवेशाचा फॉर्म भरताना माझ्याकडे इथला फोनच नव्हता, म्हणून त्यांचा नंबर दिला होता. लगेच बदलला. ‘सेव्ह झाले’ अशी हिरवी पट्टी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर पुन्हा दादांचा नंबर. पुन्हा बदलला. सकाळी पुन्हा वेताळ झाडावर! असं चारदा झालं. दुपारी ऑफिसला फोन करून विचारलं की त्या बाई पडद्यावर बघून म्हणायच्या, ‘‘बरोबर दिसतोय की नंबर, काही करायची गरज नाही.’’ त्यांना दुपारी बरोबर दिसायचा, मला सकाळी चुकीचा. दोन आठवडे आम्ही दोघी आपापल्या जागी खरं बोलत होतो.

दरम्यान दादांना विचारलं. वहिनीच म्हणाल्या, ‘‘अगं, ते तुमच्या शाळेचे का? पहाटे सव्वापाचला फोन वाजला. तिकडे कुणाचं काही झालं की काय म्हणून हे धडपडत उठले, तर रेकॉर्ड केलेला आवाज. आम्हाला वाटलं कुणीतरी काहीतरी विकतंय. ठेवून दिला.’’ पाच महिने दोघं डिस्ट्रिक्टचे फोन आपटत होते.

तोडगा निघाला तो शाळेत नाही, बोर्ड ऑफिसात, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य कार्यालयात, नोंदी सांभाळणाऱ्या रजिस्ट्रारकडे. ही जागा मला कुणी पहिल्याच दिवशी सांगितली असती तर! वेळ घेऊन जावं लागतं, मला नऊ दिवसांनंतरची मिळाली. जाताना पासपोर्ट न्या, आणि पत्त्याचा एक कागद स्वतःच्या नावाचा असू द्या. माझी सगळी बिलं नवऱ्याच्या नावावर, त्यामुळे पहिल्या फेरीला हात हलवत परत आले. आणखी सहा दिवस.

दुसऱ्या फेरीत रजिस्ट्रारबाईंनी चष्मा वर केला, पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हलक्या आवाजात, घरगुती भानगड असावी अशा बेताने विचारलं, ‘‘या दुसऱ्या बाई मुलाच्या कोण लागतात? आजी?’’

समजा माझं नाव स्वाती आणि नवऱ्याचं अमोल (खरी वेगळी आहेत). पासपोर्टवर माझ्या नावाच्या रकान्यात ‘स्वाती अमोल’ असं आहे, आपल्याकडच्या पद्धतीने. फॉर्म पासपोर्टवरून भरला, म्हणून मुख्य नोंदवहीत आई म्हणजे स्वाती अमोल, फोन दादांचा. ॲपचं खातं उघडताना मी सवयीने नुसतं स्वाती लिहिलं. यंत्राला वाटलं, ही कुणी नवीनच बाई. तिची वेगळी नोंद झाली, फोन माझा, पण ‘संदेश पाठवावा’ या चौकोनात खूण नाही. मी ॲपात केलेला प्रत्येक बदल त्या दुसरीच्या खात्यात जायचा, आणि रोज रात्री ॲप मुख्य नोंदवहीतून नवी नक्कल उचलायचं, की पहिली पुन्हा हजर. पाच महिने डिस्ट्रिक्टच्या लेखी माझ्या मुलाला दोन आया होत्या. जिला फोन जायचे ती अस्तित्वात नव्हती, आणि जी होती तिला जात नव्हते.

रजिस्ट्रारबाईंना समजावायला दहा मिनिटं लागली. ‘‘मधलं नाव नवऱ्याचं? आणि मुलाचं मधलं नावसुद्धा तेच?’’ हो. ‘‘मग तुमच्यातल्या प्रत्येकाचं...’’ नवऱ्याचं वेगळं, त्याच्या वडिलांचं. त्यांनी पेन खाली ठेवलं. पण काम मात्र चार मिनिटांत केलं. तेवढ्यासाठी मी साडेचार आठवडे घालवले होते, आणि बाहेर पडताना मला आनंद झाला की राग आला हे अजून ठरत नाही. तुमच्या पासपोर्टवरही नाव असंच असेल, तर ॲपात अक्षर न् अक्षर तेच लिहा, कितीही विचित्र दिसलं तरी.

नवऱ्याला का मेसेज येत नव्हते, हे विचाराल. सप्टेंबरमध्ये त्याला एका पाच आकडी नंबरावरून मेसेज आला होता, शाळेचे मेसेज हवे असतील तर ‘येस’ लिहा. त्याने फसवणूक समजून ‘स्टॉप’ लिहिलं आणि हुशारी केली म्हणून मला दाखवलंही. असं झालं असेल तर ऑफिसवाले काही करू शकत नाहीत. त्याच फोनवरून त्याच नंबरला ‘स्टार्ट’ पाठवावं लागतं.

यातून आणखी काय काय हुकलं होतं तेही मग कळलं. इथे शाळांमध्ये दर महिन्याला एक आगीचं आणि एक सुरक्षेचं ड्रिल असतं, म्हणजे शाळेत कुणी हल्लेखोर घुसला तर काय करायचं वगैरे, याचा सराव. सुरक्षेचं झालं की त्याच दिवशी शाळा सुटायच्या आत पालकांना लेखी कळवावं लागतं. नोव्हेंबरात मुलगा एकदा घरी येऊन म्हणाला होता, आज आम्ही दिवे बंद करून कोपऱ्यात गप्प बसलो. मला वाटलं खेळ असेल.

ॲपात भाषा निवडता येते. ज्यांना इंग्रजी पुरेसं येत नाही अशा पालकांना समजेल त्या भाषेत कळवणं शाळेवर बंधनकारक आहे, १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या आधाराने. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांच्या टॅबलेटवर मी कौतुकाने मराठी लावून दिलं. पहिलाच निरोप आला, ‘सर्व विद्यार्थ्यांना दुपारी १२:४५ वाजता बडतर्फ करण्यात येईल.’ त्या स्वयंपाकघरात टॅबलेट घेऊनच आल्या. ‘‘अगं, सगळ्यांना? केलं काय पोरांनी?’’ लवकर सोडणार होते, बाकी काही नाही. महत्त्वाच्या निरोपाचं इंग्रजीही एकदा बघून घ्या.

फेब्रुवारीत पुन्हा बर्फ पडलं. पाच वीसला फोन वाजला. मी तो रेकॉर्ड केलेला आवाज शेवटपर्यंत ऐकला, स्पॅनिशमध्ये पुन्हा सांगितलं तेही ऐकलं. साडेपाचला दादांचा फोन. ‘‘आज आमच्याकडे आला नाही. तुमची शाळा आहे का?’’ जागे होऊन वाट बघत बसले होते.

एक राहिलंच. दर ऑगस्टमध्ये ॲपात नोंदी तपासायचा फॉर्म येतो. घाईत ‘सगळं बरोबर’ दाबू नका, एकेक ओळ वाचा. रजिस्ट्रारबाईंनी सांगितलंच होतं की जादा झालेली नोंद पुसता येत नाही, नुसती मागे सारता येते. या वर्षी फॉर्म उघडला तर ती चौथ्या क्रमांकावर होती. स्वाती, फोन नाही, ईमेल नाही. नातं: इतर.